सरव्याचा हिशेब

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, आणि त्या दिवशी थैली दोनदा फिरते. पहिली नेहमीची. तिच्यातून पाळकांचा पगार, वीजबिल, पेटीची दुरुस्ती आणि दर पावसाळ्यात नव्या ठिकाणी गळणारं छप्पर भागवायचं. दुसरी गरीब निधीची. दोन्ही थैल्या एकाच जांभळ्या मखमलीच्या, एकाच बाईंनी शिवलेल्या. फरक इतकाच की दुसरीत नाणी जास्त वाजतात.

या दुसऱ्या थैलीचा मी आठ वर्षं खजिनदार आहे. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात उभी हयात गेली, त्यामुळे निवृत्त झालो त्याच वर्षी मंडळीने सर्वानुमते, म्हणजे दुसरं कुणी तयार नसल्यामुळे, ही वही माझ्या गळ्यात घातली. रक्कम म्हणाल तर फार नसते. चांगल्या महिन्यात सात-आठ हजार. पण मंडळीचा ट्रस्ट नोंदणीकृत, वर्षाकाठी लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जायचा, तेव्हा प्रत्येक रुपयाला कागद हवा. मी आल्या आल्या प्रमाणकांची, म्हणजे व्हाउचरची, पुस्तकं छापून घेतली. नाव, रक्कम, तपशील, लेखाशीर्ष (पैसे कोणत्या खात्यातले), घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. छपाई सुबक झाली होती. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू.

मग एका रविवारी मावशी आल्या. आमच्याच मंडळीच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणतात. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, नवरा गेल्यावर गोधड्या शिवून घर चालवलेल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांत घालायच्या थेंबांना आणि दवाखान्याच्या रिक्षाला पैसे हवे होते. त्यांनी मागितले नव्हते. पाळकसाहेबांच्या कानावर कुणीतरी घातलं, त्यांनी माझ्या कानावर घातलं, मी १५०० रुपये पाकिटात घालून ठेवले आणि उपासना सुटल्यावर त्यांना वेस्ट्रीत, देवळाच्या कामकाजाच्या खोलीत, बोलावून प्रमाणक पुढे सरकवलं.

‘इथे सही करा मावशी.’

मी पेन्सिलने फुली मारून ठेवली होती. त्या फुलीकडे त्यांनी पाहिलंच नाही. काळा चष्मा काढला, पिशवीतून दुसरा काढला, एका बाजूची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि अगदी वरपासून वाचायला लागल्या. शाळेत उभं राहून धडा वाचावा तसं, मोठ्याने. मंडळीचं नाव. दिनांक. स्वतःचं नाव. मग, ‘लेखाशीर्ष, गरीब निधी.’ तिथे थांबल्या.

‘गरीब म्हणजे मी का, भाऊ?’

‘तसं नाही हो. ते नुसतं शीर्ष आहे.’

‘तेच म्हणते मी. डोक्यावरच लिहिलंय.’

सही केली. संपूर्ण नाव, वळणदार, रेघेला धरून. पाकीट घेतलं, ‘सलाम’ म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या महिन्यात मी पुन्हा पाकीट तयार ठेवलं तर मावशी मागच्या दाराने निघून गेलेल्या. दोन रविवार असंच. शेवटी मी त्यांच्या खोलीवर गेलो. चहा केला, पारले बिस्किटं बशीत काढली. फळीवर थेंबांची नवी बाटली दिसली. विचारलं तर म्हणाल्या, शेजारणीकडून उसने घेतले. ‘उसन्याला सही लागत नाही.’

टोमणा नव्हता. त्या मला नुसती वस्तुस्थिती सांगत होत्या, आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवत होत्या.

आमच्या शास्त्रात येशूने लोकसमुदाय पाहिला की त्याला त्यांचा ‘कळवळा येतो’. एका शास्त्राभ्यासात पाळकसाहेब सांगत होते की मूळ ग्रीक क्रियापदाचं नातं आतड्यांशी आहे. मराठी माणसाला हे फार समजावून सांगायला नको. आपल्याकडेही आतडं तुटतं, पोटात कालवतं. मी मात्र त्या दिवशी व्याकरणात अडकलो. दया आपण करतो. उपकार करतो, मदत करतो, दान करतो. कळवळा करता येत नाही, तो येतो. म्हणजे करणारा मी उरतच नाही तिथे. मग प्रमाणकावर देणाऱ्याच्या रकान्यात लिहायचं कोणाला?

हाच शब्द चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटलेला माणूस अर्धमेला पडलाय, याजक बाजूने जातो, मंदिराचा सेवक असलेला लेवी बाजूने जातो, आणि ज्याला यहुदी लोक जवळ करत नसत त्या शोमरोन्याला कळवळा येतो. तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचं जनावर, उतारशाळा, हे सगळ्यांना पाठ असतं. मला आवडतो तो त्यापुढचा भाग. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि सांगतो की याहून जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. लेखा विभागातल्या माणसाच्या अंगावर काटा येईल असं वाक्य आहे हे. मर्यादा न ठरवलेलं अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम! आमच्याकडे असं अग्रिम मंजूर करणाऱ्याची चौकशी लागली असती. आणि ज्याच्यासाठी खर्च झाला त्याची सही कुठेच नाही.

म्हणून प्रमाणकं फाडून टाकावीत? तसंही मला म्हणता येत नाही, कारण कागद नसलेला काळही मी पाहिला आहे. माझ्या आधी हे काम ज्यांच्याकडे होतं ते मनाने फार मोठे होते. खिशात हात घालायचे आणि द्यायचे. समोर डोळ्यांत पाणी आलं की हात खिशात. पण ज्यांच्या डोळ्यांत चारचौघांत पाणी येत नाही अशांचं काय? वही लिहायला घेतल्यावर माझ्या लक्षात आलं की वर्षानुवर्षं मदत फिरून फिरून त्याच चार-पाच घरांत गेली होती. ती घरं लबाड होती असं नाही. त्यांना रडता येत होतं, इतकंच.

प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळातही हेच झालं. मंडळीतलं पहिलं नोंदलं गेलेलं भांडण त्रैक्यावरून किंवा बाप्तिस्म्यावरून झालेलं नाही, ते जेवणाच्या वाटपावरून झालंय. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणारे यहुदी कुरकुर करतात की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांना डावललं जातं. मग सात माणसं निवडतात. त्यांत स्तेफन होता, तोच पुढे पहिला हुतात्मा झाला. ही सात नावं आम्ही लहानपणी घडाघडा म्हणायचो, पण एक गोष्ट मला साठी उलटल्यावर दिसली. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती पळी दिली. आमच्या समितीत तेव्हा एक निवृत्त मुख्याध्यापक, एक बँकवाले, एक डॉक्टर आणि मी होतो. गरीब निधीतून एकदा तरी पाकीट घेतलेलं एकही माणूस नव्हतं.

यावर बोलायचा माझा स्वतःचा अधिकार काय, तर पणजी. ती १९०० च्या दुष्काळात नेवाशाकडच्या कुठल्याशा खेड्यातून नगरला आली. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण तिच्या गोष्टीत ते नगरच राहणार.) एकटी आली की कुणी आणून सोडली, हे तिलाच सांगता येत नसे. वय माहीत नव्हतं. दात बघून सात-आठ वर्षांची असेल असं ठरवलं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ पासून होतं, त्या दुष्काळात त्यांच्या अनाथालयांत पोरंच पोरं भरली होती. पणजी सांगायची त्यात क्रम कधी चुकायचा नाही. आधी पेज दिली. मग परकर दिला. मग डोकं भादरलं, ऊवा फार होत्या म्हणून. मग नाव दिलं. बाप्तिस्मा यानंतर दोन-तीन वर्षांनी.

गावाकडे आम्हाला चिडवायचे, भाकरीसाठी बाटलेले. शाळेत असताना मी यावरून एकदा मारामारी केली होती. आता वाटतं, त्यात खोटं काय होतं? भुकेलं पोर भाकरीकडेच जाणार. महारवाड्यातलं पोर तर आणखी धावत जाणार, कारण तिथे कुणी ‘लांब हो’ म्हणालं नाही. पणजीला विचारण्यासारखं यात काही नाही. विचारायचं ते भाकरी देणाऱ्याला. बदल्यात तुला काय हवं होतं, बाबा?

हा प्रश्न त्या काळात सगळ्यांत जोरात विचारला गेला तो पंडिता रमाबाईंना. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. तिथल्या विधवा मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ उठला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. ‘केसरी’ने तर त्यांना झोडपूनच काढलं. आम्हा ख्रिस्ती लोकांना हा प्रसंग निव्वळ छळाचा म्हणून सांगायची सवय आहे. मला तसं वाटत नाही. प्रश्न रास्त होता. उपकाराखाली दबलेल्या माणसाचा होकार किती खरा, हे विचारायलाच हवं, आणि ते आम्हीच आधी विचारायला हवं.

पण रमाबाईंचं उत्तर मला त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या भुकेत सापडतं. १८७४ मध्ये, त्या सोळा वर्षांच्या असताना, वडील अनंतशास्त्री, आई आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने आणि आजाराने गेले. उरले भाऊ-बहीण, अनवाणी देशभर चालत राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि सुमारे ३०० मुली-बायकांना केडगावला घेऊन आली, ती समिती स्थापून ठराव करून नाही. पोटात कळ उठली म्हणून गेली. दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं ते माळरान, तिथे विहिरी खणल्या, मुक्ती सदन उभं राहिलं. मी केडगावला गेलो तेव्हा तिथल्या छापखान्याची गोष्ट ऐकून थांबलो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत उतरवलं, आणि त्याचे खिळे जुळवायचं काम दुष्काळातून आलेल्या बायकांनी केलं. शेती, तेलघाणा, विणकाम, गाईगुरं, सगळीकडे त्याच. नुसतं पात्र पुढे करून रांगेत उभं राहायला त्यांनी कुणाला ठेवलं नाही.

पणजीने पेज खाल्ली होती त्याची तिने आयुष्यभर एक परतफेड ठेवली. पीठ मळायला घेतलं की आधी एक मूठ काढायची आणि चुलीमागच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. घरात पीठ कमी असलं तरी. पुढे आजीने तेच केलं, आईने केलं. रविवारी डबा देवळात जायचा आणि तिथून कुणाकडे जायचा ते आम्हाला माहीत नसे. मिझोराममध्ये बायका अजूनही प्रत्येक वेळच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ असा बाजूला काढतात, ‘बुहफाई थाम’ म्हणतात त्याला, आणि तिथल्या मंडळीचं केवढं तरी काम त्या मुठीवर उभं आहे. आमच्या घरात गॅस आला, मग मिक्सर आला, मग पोळीवाल्या बाई आल्या. डबा कधी बंद झाला हे कुणाच्याच लक्षात नाही.

समितीतले वाद सांगत बसलो तर पान पुरणार नाही. एक सांगतो. देवळासमोरच्या सोसायटीच्या वॉचमनची बायको बाळंतपणात अडली होती, पाच हजार हवे होते. एक सभासद म्हणाले, निधी मंडळीचा आहे, मंडळीतल्याच गरिबांना मिळावा, बाहेरच्यांना देत बसलो तर पुरणार कसं. हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. मला तेव्हा सम्राट ज्युलियनची गोष्ट आठवली. ख्रिस्ती धर्म मागे सारून जुने रोमन देव परत आणायला निघालेला हा माणूस. इ. स. ३६२ मध्ये तो गलातियातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला पत्रात चिडून लिहितो की हे गालीली (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) स्वतःचे गरीब तर पोसतातच, वर आमचेही पोसतात, आणि आपली शोभा होते. मंडळीला शत्रूकडून मिळालेलं इतकं चांगलं प्रशस्तिपत्रक दुसरं नसेल. मी ते समितीत सांगितलं. बँकवाले म्हणाले, त्या काळी त्यांना ऑडिट नव्हतं. पाच हजार मात्र दिले.

आणि २०२० चा तो फोटो. टाळेबंदीत एका देणगीदाराने शिध्याचे १०० संच दिले होते. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती. अट एकच, बॅनरसमोर वाटपाचा फोटो. मी हो म्हणालो. माणसांची चूल पेटत नव्हती, तिथे फोटोवरून कुठे अडायचं? तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. दुसऱ्या ओळीत एका माणसाने तेलाची पिशवी बरोबर तोंडासमोर धरली आहे. मास्क असूनही. तो कुठल्याशा हॉटेलात वाढपी होता, लोकांच्या पुढे ताटं ठेवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. ‘जरा इकडे बघा’ असं जो आवाज त्याला सांगत होता तो माझा होता.

उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे आम्ही दरवर्षी वाचतो. ते अमलात आणायची एक रीत मला वसईच्या मैत्रिणीने सांगितली. ती कॅथलिक, तिच्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम चालतं. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी हे सुरू केलं. यांची माणसं दोघा-दोघांनी गरजू घरी जातात, घरच्यांना रांगेत बोलावत नाहीत. आणि बैठक संपताना एक पिशवी फिरते. प्रत्येकाने बंद मूठ आत घालायची. किती टाकलं, काही टाकलं की नाही, शेजाऱ्याला कळत नाही. आमच्या थैलीत नाणी वाजतात हे मी तिला सांगितलं नाही.

पण माझा पाय खरा अडला तो बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात. तिथे एक शब्द आहे, सरवा. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, पीक काढून नेल्यावर रानात जे पडून राहतं तो सरवा. भुईमूग उपटला की मातीत राहिलेल्या शेंगा, बाजरी खुडताना निसटलेली कणसं, वाफ्यात दबलेले कांदे. मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला बजावलेलं आहे की शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, पडलेलं वेचू नकोस, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नकोस. ते परक्याचं, अनाथाचं, विधवेचं. लक्षात घ्या, हे दान नाही. ते त्यांचंच आहे, मालकाने नुसता हात आवरायचा.

मी लहानपणी आजीबरोबर शेंगांच्या सरव्याला गेलो आहे. खुरप्याने ढेकळं उकरायची, शेंग हाताला लागली की ओच्यात टाकायची, दुपारपर्यंत पायलीभर व्हायच्या. बोटं फुटायची. मालक बांधावर असला तरी आमच्याकडे बघत नसे. पण उगाच गोडवे गात नाही. सगळे मालक असे नव्हते, काही ठिकाणी शिव्या खाऊन, हाकलून घेऊन आम्ही परतलो आहोत. शास्त्र लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असणार. रूथ तर मवाबी, परक्या मुलखातली विधवा. म्हणून तर ती सरवा वेचते त्या शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना ताकीद देतो की तिला दटावू नका, उलट पेंढ्यांतली काही ताटं मुद्दाम ओढून खाली टाका आणि तिला वेचू द्या. ‘चुकून’ पडली असं वाटावं म्हणून मुद्दाम टाकायची! संध्याकाळी झोडपून एफाभर (एफा हे त्या काळचं धान्याचं माप) सातू निघाले. ते घेऊन ती सासूकडे गेली, मान वर करून. मान वर करून हे शास्त्रात नाही, माझं आहे. माझ्या आजीला मी तसं घरी येताना पाहिलंय.

पुढच्या वार्षिक सभेत मी दोन सूचना मांडल्या. एक, समितीत अशा एका व्यक्तीला घ्यावं जिने या निधीतून कधी मदत घेतली आहे. दोन, लेखाशीर्ष बदलून ‘सरवा’ करावं. दुसरीवर हसले लोक. एक वडीलधारे म्हणाले, देवळाच्या वहीत शेतातलं काय घालता. पाळकसाहेबांनी रूथचा दुसरा अध्याय उघडून त्यांच्या हातात दिला. मंजूर झालं.

समितीत यायला मावशी आधी तयार नव्हत्या. ‘मला त्या वह्यांत ओढू नका’ म्हणाल्या. मग आल्या. माझी कल्पना अशी की त्या आल्या की हात सैल होईल. झालं उलटं. आमच्यात सगळ्यांत कडक त्याच निघाल्या. कुणाच्या मुलाने मोटारसायकल घेतली, कोण औषधाचं सांगून कशाला पैसे नेतो, कोणाच्या घरात दोन दिवस चूल नाही आणि तरी सांगणार नाही, सगळं त्यांना ठाऊक. नको तिथे नाही म्हणतात, हवं तिथे पाकीट स्वतः नेऊन देतात, आणि सही गोधडीच्या पैशांची असल्यासारखी गप्पा मारत मारत आणतात. कधी कधी माझं त्यांच्याशी पटत नाही. परवा एका दारुड्याला त्यांनी साफ नाकारलं, मी दोन दिवस अस्वस्थ होतो. त्याच्या बायकोच्या हातात त्यांनी किराणा दिला होता, ते मला तिसऱ्या दिवशी प्रमाणकावरून कळलं.

यंदा लेखापरीक्षक नवे होते. तरुण, नाकावर चष्मा, लॅपटॉपवर तक्ता उघडलेला. पानावर बोट ठेवून थांबले.

‘हे लेखाशीर्ष काय आहे? सरवा?’

मी सांगायला लागलो. नियमशास्त्र, रूथ, बवाज. ते ऐकत होते, मग मध्येच म्हणाले, ‘आमच्याकडे हरभऱ्याचा असायचा. आजी जायची आमची.’ आणि लॅपटॉपकडे बघत राहिले थोडा वेळ. तक्त्यात काय टाईप केलं ते मला दिसलं नाही. पान उलटलं.

‘बरं, आणि हे २६ रुपये जादा कसले?’